लॅटिन शिलालेखांमधली केल्टिक नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्स, ब्रिटन, स्पेन, ऑस्ट्रिया, उत्तर इटली या भागांत रोमन काळातले हजारो लॅटिन लेख सापडले आहेत. थडग्यांचे दगड, देवांना वाहिलेल्या शिळा, कमानी, शिशाचे पत्रे, मातीच्या थाळ्या. मजकूर लॅटिन असतो, पण त्यातली माणसं पुष्कळदा केल्टिक नावाची असतात. या विषयाची गोडी लागलेले मराठी वाचक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. संस्कृत थोडंफार कानावर असलेल्या माणसाला या नावांत बरंच ओळखीचं सापडतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

लेख लॅटिनमध्ये आहेत, मग त्यात केल्टिक नावं कशी आली?

माणसं तिथलीच होती म्हणून. गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स. दक्षिण गॉल इ. स. पू. 121 च्या सुमारास रोमच्या ताब्यात गेला, उरलेला गॉल सीझरने इ. स. पू. 58 ते 50 या काळात जिंकला आणि इ. स. 43 मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या. या सगळ्या मुलखांत लोक घरात केल्टिक भाषा बोलत: गॉलमध्ये गॉलिश, ब्रिटनमध्ये ब्रिटॉनिक, स्पेनच्या अंतर्भागात केल्टिबेरियन. दगडावर अक्षरं कोरून घेण्याची रीत मात्र बहुतांशी रोमनांबरोबर पसरली, आणि तिच्याबरोबर लॅटिनही.

गॉलिश भाषेतही लेख आहेत. दक्षिण फ्रान्समधल्या व्हेजों इथे एका दगडावर ग्रीक लिपीत पण गॉलिश भाषेत लिहिलं आहे की नीम शहराचा नागरिक, विल्लोनोसचा मुलगा सेगोमारोस याने बेलेसामा देवीला हे पवित्र स्थान अर्पण केलं. पण असे लेख थोडे आणि बहुतेक त्रोटक आहेत. गॉलिश शब्दसंग्रहाचा मोठा भाग आपल्याला माणसांच्या आणि गावांच्या नावांतूनच कळतो. माणूस मरताना आपली भाषा दगडावर ठेवू शकला नाही तरी नाव ठेवून गेला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही फार मोठी ठेव आहे.

एखादं नाव केल्टिक आहे हे ओळखायचं कसं?

केल्टिक नावांची घडण पाहायची. जुनी, भारदस्त नावं दोन शब्दांच्या समासाने बनतात. देवदत्त, सुश्रुत, अश्वसेन ही आपली जुनी नावंही याच पद्धतीची आहेत. रोमनांनी ही पद्धत केव्हाच सोडली होती, त्यामुळे लॅटिन मजकुरात असं सामासिक नाव आलं की ते लगेच वेगळं दिसतं.

नेहमी भेटणारे काही घटक असे. शेवटी ‘रीक्स’ म्हणजे राजा, ‘मारोस’ म्हणजे थोर, ‘गेनोस’ किंवा ‘ग्नातोस’ म्हणजे जन्मलेला. सुरुवातीला ‘कातु’ म्हणजे युद्ध, ‘सेगो’ म्हणजे जय किंवा बळ, ‘दागो’ म्हणजे चांगला, ‘विंदो’ म्हणजे पांढरा, ‘एपो’ म्हणजे घोडा, ‘कुनो’ म्हणजे शिकारी कुत्रा. सेगोमारोस म्हणजे जयाने थोर. सीझरशी लढलेला वेर्किंगेतोरीक्स घ्या: ‘वेर’ म्हणजे वर, ‘किंगेतो’ म्हणजे योद्धा, ‘रीक्स’ म्हणजे राजा. योद्ध्यांचा सर्वोच्च राजा. हे नाव त्याच्या सोन्याच्या नाण्यांवरही लॅटिन अक्षरांत आहे.

हे अर्थ कुणी मनाने लावलेले नाहीत. केल्टिक भाषांपैकी आयरिश आणि वेल्श आजही बोलल्या जातात आणि त्यांचं जुनं वाङ्मय भरपूर आहे. ‘मारोस’ तिथे आयरिश ‘मोर’, वेल्श ‘माउर’ म्हणून भेटतो, ‘कातु’ हा आयरिशमध्ये ‘काह’ आणि वेल्शमध्ये ‘काद’ होतो, ‘विंदो’ हा ‘फिन’ आणि ‘ग्विन’ होतो. ध्वनी कसकसे बदलले याचे नियम ठरलेले आहेत. एखादं नाव त्या नियमांत बसलं, त्याचे घटक इतर नावांतही सापडले आणि लेख केल्टिक मुलखातला निघाला, की ते नाव केल्टिक मानायला हरकत नसते. या तिन्हींतली एकच गोष्ट असेल तर थांबावं.

संस्कृतशी खरंच नातं आहे, की नुसता योगायोग?

नातं खरं आहे. 2 फेब्रुवारी 1786 ला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत केलेल्या भाषणात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं म्हटलं आणि केल्टिकही त्याच घराण्यातली असण्याची शक्यता बोलून दाखवली. पुढच्या शतकात ते पुराव्याने सिद्ध झालं.

‘रीक्स’ आणि ‘राजा’ हीच जोडी बघा. मूळ शब्दात दीर्घ ‘ए’ होता. लॅटिनने तो ठेवला आणि ‘रेक्स’ म्हटलं, केल्टिकमध्ये त्याचा ‘ई’ झाला, संस्कृतात ‘आ’. हे बदल त्या त्या भाषेत सगळीकडे तसेच होतात, म्हणून हा पुरावा धरला जातो. केल्टिकची दुसरी खूण म्हणजे तिने मूळचा ‘प’ गाळून टाकला. संस्कृत ‘उपरि’ तिथे ‘वेर’ झालं, ‘उप’चं ‘वो’, ‘प्र’चं ‘रो’. रोस्मेर्ता या देवतेच्या नावातला पहिला घटक म्हणजे आपला ‘प्र’ आहे. ‘सु’ मात्र जसाच्या तसा राहिला: सुकेल्लोस हा हातोडा धरणारा देव म्हणजे उत्तम घाव घालणारा.

सगळ्यात मोहवणारा पुरावा कुंभारांनी दिला आहे. दक्षिण फ्रान्समध्ये मियोजवळ ला ग्रोफझांक नावाची जागा आहे. इ. स. पहिल्या शतकात तिथे तांबड्या चकचकीत भांड्यांचा प्रचंड कारखाना होता. एका भट्टीत अनेक कुंभारांचा माल एकत्र भाजला जाई, म्हणून कुणाची किती भांडी आत गेली याची यादी मातीच्या थाळीवर टोकदार काडीने लिहून ठेवत. काही याद्यांत भट्टीच्या खेपांचे क्रमांक गॉलिश भाषेत आहेत. त्रितोस, पेतुआरिओस, पिंपेतोस, सुएक्सोस, सेक्स्तामेतोस, ओक्स्तुमेतोस, नामेत, देकामेतोस. तृतीय, चतुर्थ, पंचम, षष्ठ, सप्तम, अष्टम, नवम, दशम. मोठ्याने वाचून पाहा. पहिल्या खेपेचा शब्द ‘किंतु’ने सुरू होतो, आणि तोच किंतुग्नातुस, म्हणजे पहिला जन्मलेला, या लेखांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या नावात आहे.

इथे चोखंदळ वाचक विचारतो की केल्टिकने ‘प’ गाळला, तर पिंपेतोसमध्ये दोन-दोन ‘प’ कुठून आले? ते नवे आहेत. मूळच्या ‘क्व’ ध्वनीचा गॉलिशमध्ये ‘प’ झाला. म्हणूनच लॅटिन ‘एक्वुस’, संस्कृत ‘अश्व’ आणि गॉलिश ‘एपोस’ हे एकच शब्द ठरतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे शब्द भावंडांसारखे आहेत, एकाने दुसऱ्याकडून घेतलेले नाहीत. त्यावरून इथले लोक गॉलमध्ये गेले होते किंवा गॉलचे ड्रुइड, म्हणजे तिथले धर्मगुरू, मूळचे वैदिक पुरोहित होते असे निष्कर्ष काढणं चूक आहे. अशा दाव्यांनी खऱ्या नात्याचं नुकसानच होतं.

रोमन नागरिकत्व मिळाल्यावर नावाचं काय व्हायचं?

नागरिक नसलेल्या माणसाचं नाव साधं असे: स्वतःचं एक नाव आणि बापाचं नाव. नागरिकाला मात्र तीन नावं लागत. पहिलं व्यक्तिनाव, मधलं कुळनाव, शेवटचं उपनाव. ज्याच्या कृपेने नागरिकत्व मिळालं त्याची पहिली दोन नावं नवा नागरिक घेई, आणि स्वतःचं जुनं नाव उपनाव म्हणून शेवटी ठेवी. सीझर आणि ऑगस्टस या दोघांचं नाव गायुस यूलियुस, म्हणून गॉलमध्ये गायुस यूलियुस नावाची माणसं जागोजागी भेटतात.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर पश्चिम फ्रान्समधल्या सेंत गावात जावं. शारांत नदीकाठी तिथे दोन कमानींचं दगडी प्रवेशद्वार उभं आहे. इ. स. 18-19 च्या सुमारास ते सम्राट तिबेरियुस, त्याचा पुतण्या गेर्मानिकुस आणि मुलगा द्रूसुस यांच्या सन्मानार्थ बांधलं गेलं. पूर्वी ते नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी होतं, 19 व्या शतकात पूल पाडला तेव्हा ते उकलून काठावर पुन्हा उभारलं. बांधणाऱ्याने त्यावर आपली वंशावळ कोरली आहे. तो गायुस यूलियुस रूफुस. बाप गायुस यूलियुस कातुआनेउनियुस. आजोबा गायुस यूलियुस आगेदोमोपास. पणजोबा नुसता एपोत्सोरोविदुस. दगड झिजल्यामुळे मधली दोन नावं काही अभ्यासक ओतुआनेउनुस आणि गेदोमो अशीही वाचतात, पण चार पिढ्यांचा क्रम वादातीत आहे.

पणजोबाला फक्त गॉलिश नाव आहे, सुरुवातीलाच ‘एपो’, घोडा. तो सीझरच्या आधीचा किंवा त्याच्या काळातला. आजोबा नागरिक झाला, पण शेवटी गॉलिश नाव राहिलं. बापाचंही तसंच. चौथ्या पिढीत रूफुस, म्हणजे तांबूस, हे अस्सल लॅटिन उपनाव. जवळजवळ शंभर वर्षांचा बदल एका ओळीत बसला आहे.

हा रूफुस साधासुधा नव्हता. ल्यों इथे गॉलच्या सगळ्या जमातींचं मिळून रोमा आणि ऑगस्टस यांचं वेदीस्थान होतं, तिथला तो मुख्य पुरोहित होता. तिथल्या रंगमंडलाच्या बांधकामाचा त्याचा लेखही सापडला आहे. रोमन जगात इतक्या वर चढलेल्या माणसाने पणजोबाचं परकं वाटणारं नाव लिहिलंच पाहिजे असं मुळीच नव्हतं. रिवाज बापाचं नाव देण्याचा होता, फार तर आजोबाचं. माझ्या मते त्याने ते अभिमानाने लिहिलं आहे. सेंतच्या लोकांना तो सांगतोय की मी तुमच्यातलाच, जुन्या घराण्यातला. ‘रोमन झाले आणि आपलं सगळं विसरले’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी.

पुढे 212 मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं आणि आउरेलियुस हे कुळनाव सगळीकडे झालं. तेव्हापासून कुळनावावरून फारसं काही कळत नाही.

अगदी लॅटिन दिसणारं नावही आतून केल्टिक असू शकतं का?

हो, आणि हाच या विषयातला सगळ्यात रसाळ भाग आहे. केल्टिक आईबाप मुलाला लॅटिन नाव देताना अनेकदा असं नाव निवडत, जे आपल्या भाषेतल्या नावासारखं ऐकू येईल किंवा ज्याचा अर्थ तोच असेल. ‘सेन’ म्हणजे म्हातारा, जुना, हे लॅटिनमध्येही आहे आणि केल्टिकमध्येही, संस्कृत ‘सन’ही तोच. म्हणून सेनेकियो, सेनिलिस, सेनिकियानुस ही नावं गॉल आणि ब्रिटनमध्ये विशेष आवडीची झाली. किंतुग्नातुसच्या मुलखात प्रीमुस नावाचा माणूस भेटला की तो ‘पहिला’ कुठल्या भाषेतला, असा प्रश्न पडायलाच हवा.

दोन दगड जवळून पाहू. पहिला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या साउथ शील्ड्सचा, इ. स. दुसऱ्या शतकातला. वेताच्या खुर्चीत एक बाई बसली आहे, मांडीवर सूतकताईची चाती, एका बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. चेहरा फुटलेला आहे. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय की ही रेगिना, वय 30, कातुवेल्लाउनी जमातीची, सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या बारातेसची आधी दासी, मग मुक्त केलेली आणि बायको. त्याखाली पाल्मिरी लिपीत एक ओळ, नवऱ्याच्या स्वतःच्या भाषेत: ‘रेगिना, बारातेसने मुक्त केलेली, हाय हाय.’ लॅटिन ओळ व्याकरणात अडखळते, पाल्मिरी ओळ मात्र सफाईदार आहे.

रेगिना म्हणजे राणी. शुद्ध लॅटिन. पण गॉलिशमध्ये राणीला ‘रिगानी’ म्हणत, मध्य फ्रान्समधल्या लेझू इथल्या एका भांड्यावर तो शब्द आहे. ब्रिटॉनिकमध्येही तसाच शब्द असणार. लंडनच्या उत्तरेकडच्या केल्टिक जमातीत जन्मलेल्या या मुलीला आईने हाक मारताना कुठला शब्द वापरला असेल? नाव दोन्ही भाषांत बसतं, आणि बहुधा त्यामुळेच टिकलं. रिगानी, रेगिना, राज्ञी, राणी: हा शब्द आपल्याही घरातला आहे.

दुसरा दगड थेट अल्जीरियातला, लाम्बेसिस इथला. तीतुस फ्लावियुस विरीलिस या सेंच्युरियनचं, म्हणजे रोमन सैन्यातल्या तुकडीप्रमुखाचं, थडगं. ब्रिटनमधल्या तिन्ही लीजनमध्ये (रोमन सैन्याच्या मोठ्या पथकांमध्ये) त्याने नोकरी केली, नंतर आफ्रिकेत आला, 45 वर्षं सेवा करून 70 व्या वर्षी वारला. थडगं उभारणारी त्याची बायको लोल्लिया बोदिक्का. रोमविरुद्ध बंड करणाऱ्या बूदिका राणीचंच हे नाव, ‘बूदि’ म्हणजे विजय. आणि मुलांची नावं? विक्टोर आणि विक्टोरिनुस. विजयी, आणि विजयीचा. आईच्या ब्रिटिश नावाचा अर्थ मुलांच्या लॅटिन नावांत उतरला आहे. विक्टोर हे नाव सैनिकांत सर्रास चालत असे, त्यामुळे शंभर टक्के खात्री कुणी देणार नाही. मला तरी हे जाणूनबुजून ठेवलेलं वाटतं.

इंग्लंडमधल्या बाथ इथल्या उष्ण झऱ्यात सापडलेल्या शिशाच्या पत्र्यांवरही अशी घरं भेटतात. सूलिस देवीला साकडं घालून हे पत्रे गुंडाळून पाण्यात टाकत, बहुधा चोराला शाप देण्यासाठी. एका पत्र्यावर एका कुटुंबाने 12 एप्रिलला झऱ्यापाशी शपथ घेतल्याची नोंद आहे: उरिकालुस, बायको दोकिलोसा, मुलगा दोकिलिस आणि दोकिलिना, भाऊ देकेंतिनुस, शिवाय आलोगिओसा. दोकिलिस हा लॅटिन शब्द, शिकवलेलं घेणारा. पण बाथच्या पत्र्यांवर दोक्का, दोकिमेदिस अशीही नावं आहेत, म्हणजे ‘दोकि’ हा ध्वनी त्या परिसरात लाडका होता. घरच्या कर्त्याचं उरिकालुस हे नाव लॅटिन वाटत नाही, बायकोमुलांची वाटतात. एकेक नाव सुटं काढलं तर हे काहीच दिसणार नाही, सगळं कुटुंब एकत्र वाचलं की दिसतं.

उलटा प्रकारही आहे. फ्रान्समधल्या अलिझ-सेंत-रेन इथे, म्हणजे जुन्या अलेसियात, दानोतालोसचा मुलगा मार्तियालिस याने उकुएतिस देवासाठी शिळा कोरून घेतली. बापाचं नाव गॉलिश, मुलाचं लॅटिन, आणि मजकुराची भाषा मात्र गॉलिश! नाव बदललं म्हणून भाषा सुटली असं समजू नये, हे तो दगड सांगतो.

‘रीक्स’ म्हणजे राजा, मग अशा नावाची माणसं राजघराण्यातली होती का?

नाही. इंग्लंडच्या वायव्येला ओल्ड कार्लाइल इथे एक थडगं आहे: तांकोरीक्स, बाई, साठ वर्षं जगली. ‘तांको’ म्हणजे शांती. कोरणाऱ्याचं लॅटिन बोलण्यातलं आहे, ‘विक्सित’ला ‘विग्सित’ आणि ‘सेक्सागिंता’ला ‘सेग्सागिंता’ लिहिलंय. नावानंतर मुद्दाम ‘बाई’ असं लिहावं लागलं, कारण परक्या वाचणाऱ्याला ते पुरुषाचं वाटलं असतं. म्हणजे ‘रीक्स’वरून दर्जा कळत नाही, आणि नेहमी लिंगही कळत नाही.

याउलट दक्षिण इंग्लंडमधल्या चिचेस्टरला सापडलेल्या नेपच्यून आणि मिनर्वाच्या मंदिराच्या लेखात ज्याला ‘ब्रिटनचा थोर राजा’ म्हटलं आहे, त्या तिबेरियुस क्लाउदियुस तोगिदुब्नुसच्या नावात ‘रीक्स’ कुठेच नाही.

नाव केल्टिक म्हणजे माणूस केल्टिक, असं धरावं का?

घाईने धरू नये. मार्कोमानी या जर्मॅनिक लोकांचा राजा मारोबोदुउस, पण त्याच्या नावाचे दोन्ही घटक केल्टिकमधून समजतात. शेजारच्यांची नावं लोक घेतात, आईकडून नावं येतात, काही नावांची चालच पडते. सैन्य तर माणसांना साम्राज्यभर हलवत असे. उत्तर इंग्लंडमधल्या विंदोलांडा या रोमन किल्ल्यात सापडलेल्या, शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्यांवर आत्रेक्तुस नावाचा बिअर गाळणारा आहे, त्याच्या नावे लोखंड आणि डुकराच्या चरबीची बाकी मांडली आहे. नाव गॉलच्या बाजूचं आहे, पण तो तिकडून फौजेबरोबर आला की त्याचा बापच आला होता, हे नावावरून ठरवता येत नाही.

नावावरून इतकंच खात्रीने म्हणता येतं की ज्यांनी ते ठेवलं त्यांच्या आसपास ती नावं चालत होती. रेगिनाच्या दगडावर जमात लिहिली आहे म्हणून आपण बोलू शकतो.

स्पेनमधली नावं वेगळी का दिसतात?

तिथे माणसाच्या नावात कुळही येतं. सारागोसाजवळ बोतोरीता इथे 1979 मध्ये एक कांस्यपट सापडला. इ. स. पू. 87 मधला हा पाण्याच्या पाटाच्या वादाचा निवाडा आहे, लॅटिनमध्ये. शेजारच्या गावांत जमिनीतून पाट काढण्यावरून तंटा झाला, आणि रोमन सुभेदाराने तो कोंत्रेबियाच्या स्थानिक न्यायसभेकडे सोपवला. निवाडा देणाऱ्यांची नावं खाली आहेत: ‘लुब्बुस उर्दिनोकुम, लेतोंदोचा मुलगा, प्रेतोर’ (म्हणजे मुख्य अधिकारी), ‘लेस्सो सिरिस्कुम, लुब्बुसचा मुलगा’, ‘बाब्बुस बोल्गोंदिस्कुम, आब्लोचा मुलगा’. ‘कुम’ने संपणारा शब्द म्हणजे अमक्या कुळातला, षष्ठी बहुवचनात. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि कुळ, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखंच, फक्त कूळ बापाच्या आधी. रोमन कायद्याच्या भाषेत लिहिलेल्या कागदावरही या लोकांनी आपली पद्धत बदलली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच गावातून केल्टिबेरियन भाषेतले कांस्यपटही मिळाले आहेत, त्यामुळे ताडून पाहता येतं.

नावांची स्पेलिंगं इतकी बदलती का असतात?

लॅटिन लिपीत केल्टिकचे सगळे ध्वनी बसत नव्हते. गॉलिशमध्ये ‘त्स’सारखा एक ध्वनी होता. तो कधी आडव्या रेघेच्या ‘डी’ने, कधी ग्रीक थीटाने, कधी दुहेरी ‘एस’ने, कधी सरळ ‘टीएस’ने लिहिलेला सापडतो. एकच नाव मग चार प्रकारे दिसतं. सेंतच्या एपोत्सोरोविदुसमधला ‘त्स’ आठवा. भराभर खरडलेल्या मजकुरात ‘ई’ऐवजी दोन उभ्या रेघा काढायची पद्धत होती, ती माहीत नसेल तर नाव वाचताच येत नाही.

आणि दगड फुटतात. तोगिदुब्नुसच्या चिचेस्टरच्या लेखात नावाची सुरुवातच तुटलेली आहे. रोमन इतिहासकार ताकितुसच्या हस्तलिखितांत तो कोगिदुम्नुस आणि तोगिदुम्नुस असा दोन्ही प्रकारे येतो. केल्टिक घटकांच्या दृष्टीने ‘तोगि’ अधिक पटतं, म्हणून हल्ली तेच चालतं. याच लेखात पुढचे शब्द पूर्वी ‘राजा आणि सम्राटाचा प्रतिनिधी’ असे भरून वाचत. 1979 मध्ये बोखार्स या डच अभ्यासकाने ‘थोर राजा’ असं वाचन मांडलं आणि आज बहुतेक तेच मानतात. दोनतीन तुटक्या अक्षरांनी एका माणसाची राजकीय पायरी बदलली. संपादकाने चौकटी कंसात भरलेली अक्षरं दगडावर नसतात, ती त्याची सूचना असते.

हे सगळं जमवलं कुणी, आणि कुठे पाहता येईल?

जर्मन इतिहासकार मोमझेनच्या पुढाकाराने बर्लिनच्या अकादमीने 1853 पासून सगळ्या लॅटिन लेखांचा महासंग्रह सुरू केला, त्याचा तेरावा खंड गॉल आणि जर्मेनियाचा. ब्रिटनच्या लेखांचा स्वतंत्र संग्रह 1965 मध्ये निघाला आणि तो आता चित्रांसह इंटरनेटवर मोफत आहे. सुरुवात तिथूनच करावी, कारण प्रत्येक दगडाचं रेखाचित्र आणि भाषांतर शेजारी मिळतं. नावांच्या अभ्यासात वेल्श विद्वान एलिस इव्हान्स यांचं 1967 चं काम आजही आधाराला लागतं, आणि अलीकडे झाव्हिए देलामार यांच्या फ्रेंच कोशांचा वापर सर्वाधिक होतो. देलामार पुष्कळ नावांना धीटपणे केल्टिक ठरवतात, इव्हान्स हात आखडता घेतात. दोघांना शेजारी ठेवून वाचावं.

रोमन सत्ता गेल्यावर ही नावं संपली का?

गॉलमध्ये हळूहळू गेली, आधी ख्रिस्ती आणि मग जर्मॅनिक नावांची चाल पडली. ब्रिटनच्या पश्चिमेला मात्र लॅटिन कोरीव लेख आणि केल्टिक नावं दोन्ही चालू राहिली. नैऋत्य वेल्समध्ये आयर्लंडहून आलेले लोक वसले होते, त्यामुळे तिथे एकाच दगडावर लॅटिन आणि ओघम अशा दोन लिपी दिसतात. ओघम म्हणजे दगडाच्या कडेवर आखूड रेघांच्या गटांनी लिहिलेली आयरिश लिपी.

कास्तेल द्विरानचा दगड यातला सगळ्यात शिकवणारा. समोर लॅटिनमध्ये ‘मेमोरिया वोतेपोरिगिस प्रोतिक्तोरिस’, म्हणजे रक्षक वोतेपोरीक्सचं स्मारक. कडेला ओघममध्ये तेच नाव ‘वोतेकोरिगास’. एका बाजूला ‘प’, दुसऱ्या बाजूला ‘क’. आधी सांगितलेल्या मूळच्या ‘क्व’चा ब्रिटॉनिकमध्ये ‘प’ झाला, आयरिशने ‘क’च्या बाजूचा उच्चार राखला. कोरणाऱ्याला दोन्ही उच्चार ठाऊक होते आणि त्याने दोन्ही गावकऱ्यांना आपापल्या परीने वाचता येईल असं लिहिलं. सुरुवातीचा ‘वो’ म्हणजे ‘उप’ आणि शेवटी आपला ओळखीचा राजा.

नेव्हर्नच्या चर्चमधल्या दगडावर ‘क्लुतोरीचा मुलगा माग्लोकुनुस’ असं आहे. ‘माग्लो’ म्हणजे सरदार, ‘कुनो’ हा आपल्या ‘श्वन्’चा भाऊ, ‘क्लुतो’ हा ‘श्रुत’चा. माग्लोकुनुसचं पुढे वेल्शमध्ये माएलग्वन झालं, आणि हे नाव वेल्समध्ये मध्ययुगातही चाललं.

ही नावं देवनागरीत कशी लिहावीत?

इंग्रजी उच्चार मध्ये आणू नये. लॅटिन लेखांतला ‘सी’ नेहमी ‘क’, ‘जी’ नेहमी ‘ग’, ‘व्ही’ हा ‘व’ किंवा ‘उ’. म्हणून वेर्किंगेतोरीक्स, ‘व्हर्सिंजेटोरिक्स’ नाही. ‘टी’ आणि ‘डी’ दंत्य, म्हणजे त आणि द. शेवटचा ‘उस’ हा लॅटिनने लावलेला प्रत्यय, गॉलिशमध्ये तिथे ‘ओस’ असे. लेखात जसं आहे तसं ठेवावं, स्वतःहून बदलू नये. ‘नी’, ‘रिगिस’ असे शेवट दिसले तर ती बहुधा षष्ठी असते, नाव प्रथमेत आणून लिहावं: वोतेपोरिगिसचा वोतेपोरीक्स. सीझर, ऑगस्टस, नेपच्यून यांसारखी मराठीत रुळलेली नावं मात्र आहेत तशीच राहू द्यावीत.